सफरचंदाला तीन पाय

डिसेंबरचा शेवटचा शनिवार होता. बाहेर वेल्सच्या राजधानीचा, कार्डिफचा तो नेहमीचा, धड पाऊसही नाही आणि धड धुकेही नाही असा ओलसर उजेड पसरला होता, आणि तासाच्या भाड्याने घेतलेल्या एका लहानशा सभागृहात आठ मराठी मुले लांब टेबलाभोवती बसून सफरचंदांना पाय लावत होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एक सफरचंद, बागेतून गोळा करून आणलेल्या चार काड्या, वाटीत लवंगा आणि ओटचे दाणे, आणि बारमाही हिरव्या राहणाऱ्या झुडपाची एक डहाळी होती. बुडाशी तीन काड्या तिवईसारख्या खोचायच्या, अंगभर लवंगा आणि दाणे टोचायचे, माथ्यावर डहाळी रोवायची आणि धरायला म्हणून कुशीत चौथी काडी घालायची, एवढेच काम होते. तरी पहिल्या दहा मिनिटांत आठांपैकी सहा सफरचंदे लोळण घेत टेबलाखाली पोचली होती, एका मुलाने लवंग चावून पाहिली होती आणि सर्वांत धाकट्या मुलीने आपल्या सफरचंदाचा एक लचका तोडून ते पुन्हा जागेवर ठेवले होते.

या पायवाल्या सफरचंदाला वेल्समध्ये ‘कलेन्निग’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नव्या वर्षाची भेट, आणि तोच शब्द त्या फळाला, ते घेऊन फिरण्याच्या चालीला आणि पदरात पडणाऱ्या खाऊलाही लागतो. १ जानेवारीच्या सकाळी मुलांनी हे सफरचंद हातात धरून दारोदार जायचे, गाणे म्हणायचे आणि घरच्यांनी त्यांना नाणी किंवा गोडधोड द्यायचे. मात्र हे सगळे दुपारचे बारा वाजायच्या आत, कारण बारानंतर दार वाजवणाऱ्याचा हक्क संपतो. बहुतेक गावांतून ही चाल आता उठल्यासारखी आहे. पेम्ब्रोकशरमधल्या कुम ग्वाइन नावाच्या खोऱ्यात मात्र ती अजून नांदते, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या तारखेला. १७५२ साली ब्रिटनने दिनदर्शिका बदलून अकरा दिवस गाळले, ते या खोऱ्याने मनावर घेतलेच नाही. तिथे जुने नववर्ष आजही १३ जानेवारीला साजरे होते आणि मुले त्या दिवशी घरोघर गात हिंडतात. आपल्याकडे त्या दिवशी बहुधा भोगी असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या मुलांना तो फार आवडला.

आदल्या वर्षी याच मुलांना मी हीच माहिती पडद्यावर चित्रे दाखवून सांगितली होती. चोवीस चित्रे होती, त्यांत नकाशा होता, लाल ड्रॅगनचा झेंडा होता, आणि वेल्समध्ये माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी अधिक आहेत हे सांगणारा एक विनोदी तक्ताही होता. मुलांनी शहाण्यासारखे ऐकून घेतले. महिन्याभराने मी सहज विचारले, तेव्हा मध्येच प्रोजेक्टर बंद पडला होता आणि कोणाच्या तरी बाबांनी तो आपटून सुरू केला होता, एवढेच त्यांना आठवत होते. म्हणजे मी सांगितलेले सगळे गेले आणि कोणीतरी हाताने केलेले तेवढे राहिले.

याचे मला खरे तर नवल वाटायला नको होते. मी सावंतवाडीची. चौथीपर्यंत मी रोज चितारआळीवरून शाळेत जात असे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, वांगी, डाळिंबे तिथे रांगेने रंगायला मांडलेली असत, आणि ओल्या रंगाचा वास नाकात घेऊन आम्ही प्रार्थनेला उभ्या राहत असू. लाकडी खेळण्यांची सावंतवाडी, हे मी तेव्हापासून आजपर्यंत शेकडो लोकांना अभिमानाने सांगितले आहे. पण पटाशी मी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. मला ती कोणी दिली नाही आणि मीही मागितली नाही. मुलीला सावंतवाडीबद्दल सांगायला लागले की माझ्याकडे तीनचार वाक्ये असतात आणि मग मी गप्प होते. ज्या गावाशी माझा काही संबंध नव्हता त्या गावाबद्दल बोलावे तशी ती वाक्ये मला ऐकू येतात.

म्हणून त्या वर्षी सफरचंदे. पाय उभे का राहत नाहीत हे मी मुलांना सांगितले नाही, कारण मलाही ते आधी कळलेले नव्हते. आदल्या रात्री स्वयंपाकघरात मी तीन सफरचंदे वाया घालवली होती. काड्या सरळ खाली खोचल्या तर फळाचा भार एका अंगाला जातो आणि ते कलंडते. तिन्ही काड्या बाहेरच्या बाजूला फाकवून खोचाव्या लागतात, आणि त्याही देठाच्या विरुद्ध टोकाजवळच्या घट्ट गरात, नाहीतर भोक मोठे होऊन पाय लुळा पडतो. एका सहा वर्षांच्या मुलाने बराच वेळ आपल्या सफरचंदाकडे पाहिले, मग उठून तो स्वतःच पाय फाकवून उभा राहिला, मित्राला म्हणाला, “मला ढकल,” आणि ढकलले गेल्यावर न पडता परत जागेवर येऊन त्याने काड्या तशाच तिरक्या लावल्या. त्यानंतर पाच मिनिटांत टेबलावर आठ सफरचंदे उभी होती, त्यांतले एक लचका तोडलेले.

१ जानेवारीला सकाळी अकरा वाजता माझी मुलगी आपले सफरचंद घेऊन शेजारच्या घरी गेली. तिथे राहणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या मूळच्या कारमार्दनकडच्या, आणि त्यांची नातवंडे त्यांना दक्षिण वेल्सच्या पद्धतीने ‘मामगी’ म्हणजे आजी म्हणतात, म्हणून माझी मुलगीही म्हणते आणि आता मीही म्हणते. दार उघडताच मुलीने शाळेत शिकवलेले “ब्लुइदिन नेविद दा” एका दमात म्हणून टाकले. मामगी सफरचंदाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ते हातात घेतले, उलटे केले, पाय तपासले आणि म्हणाल्या, “आमच्याकडे बदाम असायचे वर.” आत जाऊन त्यांनी बदाम आणले, तिथेच दारात उभ्या राहून चार बदाम सालीत खोचले, आणि मग नाण्यांची पिशवी काढली. मला आमचा शिमगा आठवला, पोरांनी “शबय, शबय” करत वाट अडवायची आणि मोठ्यांनी रागावल्याचे सोंग आणत खिशात हात घालायचा. तीही भीक नव्हती आणि हीही नाही. घेणारा इथे देणाऱ्यावरच उपकार करत असतो.

मामगींना वेल्श भाषा येत नाही. म्हणजे त्यांच्या आईला येत होती, आई आपल्या बहिणींशी तीच भाषा बोलत असे, पण मुलांशी मात्र ठरवून इंग्रजीच बोलली, कारण मुलांचे भले इंग्रजीत आहे असे त्या पिढीला पटवून देण्यात आले होते. २०२१च्या जनगणनेनुसार वेल्समधल्या तीन वर्षांवरील लोकांपैकी १७.८ टक्के लोकांना वेल्श बोलता येते. मामगी उरलेल्यांत मोडतात. तरी नाणी मोजताना त्यांच्या तोंडून “देइगाइन, त्रिगाइन” असे काहीतरी निसटले. जुन्या वेल्श मोजणीत चाळीस म्हणजे दोन विसा आणि साठ म्हणजे तीन विसा. माझी मुलगी शाळेत दशमान पद्धतीचे सरळ आकडे शिकते, त्यामुळे तिला हे परके वाटले. मला मात्र स्वतःचे वय ‘तीन विसा नि पाच’ असे सांगणारी माझी आजी एकदम समोर दिसली. भाषा सोडून गेलेल्या त्या घरात दोन गोष्टी मागे राहिल्या होत्या, नाणी मोजण्याची ही रीत आणि सफरचंदावर बदाम कुठे खोचायचा हे ठाऊक असणारी बोटे.

पुढच्या महिन्यात आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. इंग्रजीत ज्यांना वेल्श केक म्हणतात ते प्रत्यक्षात केक नव्हेतच. ओव्हनशी त्यांचा संबंध नाही, ते तव्यावर होतात. वेल्शमध्ये त्यांचे एक नाव ‘पिकाइ अर अ माइन’ असे आहे, म्हणजे दगडावरच्या छोट्या पोळ्या, कारण लोखंडी तवे येण्यापूर्वी ते खरोखरच तापवलेल्या दगडावर भाजत. तव्यालाही भागाभागांत निराळे नाव आहे, कुठे ‘माइन’, कुठे ‘प्लांक’, कुठे ‘ग्रादेल्ल’. हा तवा मामगींनी मला दाखवला तेव्हा मी हसूच लागले, कारण तो हुबेहूब माझ्या आईच्या घावण्यांचा बिडाचा तवा होता. तोच जाड काळा पत्रा, तेच वजन, आणि धुताना साबण लावला तर ओरडा बसेल ही तीच धमकी. माझा तवा मी दहा वर्षांपूर्वी सामानातून इथे आणला आहे. विमानतळावर तो बाहेर काढून दाखवावा लागला होता आणि तो काय आहे हे त्या अधिकाऱ्याला मला समजावता आले नव्हते. वेल्श अधिकारी असता तर कदाचित समजावावे लागले नसते.

पाव किलो मैदा, त्याच्या निम्मे लोणी, लोण्यापेक्षा थोडी कमी साखर, मूठभर काळे बारीक मनुके, चिमूटभर मसाला आणि एक अंडे, इतकाच ऐवज. खरे काम बोटांचे. थंड लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळत राहायचे, तळहात लागू द्यायचा नाही, कारण तळहाताच्या उबेने लोणी वितळते आणि मग पोळी खुसखुशीत न होता चिवट होते. मैदा रव्यासारखा दिसू लागला की थांबायचे. त्या दिवशी मुलांचे हात आमच्यापेक्षा थंड होते, त्यामुळे हे काम त्यांना आमच्याहून बरे जमले, आणि हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो कोणत्याही शाबासकीने उमटला नसता. मग बोटाच्या निम्म्या जाडीची पोळी लाटायची, पेल्याच्या काठाने चकत्या पाडायच्या. तवा किती तापला हे पाहायला मामगींनी त्यावर चिमूटभर कोरडा मैदा टाकला. तो लगेच काळा पडला तर तवा फार तापला, तसाच पांढरा राहिला तर अजून वेळ आहे, आणि हळूहळू बदामी झाला तर आता टाका. आई याच कामासाठी पाण्याचे शिंतोडे उडवते. पहिला घाणा अर्थातच फसला, वरून जळला आणि आतून कच्चा राहिला. पहिले घावनही नेहमी तव्यालाच खायला द्यावे लागते, असे मी मुलांना सांगितले.

शब्द इथेच शिरले, दारामागे टांगलेल्या तक्त्यावरून नव्हे. लोणी ‘मेनिन’, मैदा ‘ब्लाउद’, अंडे ‘उइ’. ‘उइ’वर मुले खिदळली. चमच्याला ‘ल्लुइ’ म्हणतात, म्हणजे चमच्यातला पहिला आवाज काढून टाकला की अंडे उरते, हे कळल्यावर तर त्यांना आवरणे कठीण झाले. तो पहिला आवाज, वेल्शमधला दुहेरी ल, इंग्रजांना जन्मात जमत नाही अशी त्याची ख्याती आहे. जिभेचे टोक ‘ल’ म्हणताना ठेवतो तसेच ठेवायचे आणि गळ्यातून आवाज न काढता जिभेच्या दोन्ही कडांनी वारा सोडायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती फडफडली पाहिजे. माझी मुलगी मामगींना या आवाजाच्या बदल्यात ‘ळ’ शिकवायला बसली. ‘केळे’, ‘नारळ’, ‘सावळा’. अर्धा तास झाला तरी मामगींचे केळे ‘केले’च राहिले, आणि माझा ‘ल्ल’ अजूनही दूध उतू जाताना होतो तसा होतो.

जानेवारीतच आम्ही मारी लुइड केली, आणि तिथे मी चुकले. मारी लुइड म्हणजे घोड्याची कवटी. खरी कवटी. ती काठीवर बसवायची, तिला पांढरी चादर पांघरायची, रिबिनी लावायच्या, डोळ्यांच्या जागी बाटलीच्या काचा बसवायच्या, आणि चादरीखाली शिरलेल्या माणसाने दोरी ओढून तिचा जबडा कटकट वाजवायचा. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास दक्षिण वेल्समध्ये, विशेषतः ग्लॅमॉर्गनच्या खोऱ्यांत, ही घोडी घेऊन टोळी दारोदार जाते. दार मात्र लगेच उघडत नाही. बाहेरच्यांनी पद्यात आत यायची परवानगी मागायची, आतल्यांनी पद्यातच नकार द्यायचा, एकमेकांच्या गळ्याची, दारू पिण्याची, चिक्कूपणाची टर उडवायची, आणि ज्याची ओळ आधी आटेल तो हरला. याला ‘पुंको’ म्हणतात. बहुधा आतलेच हरतात आणि घोडी घरात शिरून खाऊनपिऊन जाते. मेस्टेगजवळच्या लांगिनुइड गावाने ही चाल जिवंत ठेवली म्हणून त्या गावाचे नाव घेतात. आमची घोडी पुठ्ठ्याची होती, दात कागदी कपांचे होते, डोळ्यांना हिरव्या बाटल्यांची बुडे होती. पण मी उत्साहाच्या भरात सभागृहातले दिवे घालवले आणि जबडा वाजवला. धाकटी इतकी घाबरली की तिच्या आईला तिला बाहेर न्यावे लागले. महिनाभर ती सभागृहाच्या दारात आली की आधी “घोडी आहे का?” असे विचारत असे. मुलांनी वस्तू स्वतः बनवली की तिची भीती जाते, हा माझा सिद्धान्त तिच्या बाबतीत साफ कोसळला, कारण बनवण्याच्या वेळी ती कोपऱ्यात रिबिनी कापत होती आणि त्या रिबिनी कोणाच्या मानेत जाणार हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

पद्यांचा भाग मात्र रंगला. सवाल-जबाब आणि उखाणे ज्यांच्या घरात आहेत त्यांना दारात उभे राहून यमक जुळवायला कितीसा वेळ लागणार? बाहेरच्यांनी म्हटले:

दार उघड गं मावशी, बाहेर वारा गार,
घोडीला दे केक नाहीतर खाईल तुझे दार.

आतून उत्तर आले:

पुठ्ठ्याची तुझी घोडी, कागदाचे दात,
आधी पाय पुसून ये, मगच ये घरात.

या चालीचा एक किस्सा मला फार आवडतो. १८५२ साली विल्यम रॉबर्ट्स नावाच्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने मारी लुइडवर कडाडून टीका केली. हे काळोख्या युगातले पाखंड आहे, ते बंद पडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते पाखंड किती वाईट आहे हे वाचकांना कळावे म्हणून त्यांनी पुंकोची वीस कडवी आपल्या पुस्तकात छापून टाकली. ती कडवी लोकांनी पुढे पाठ केली. चाल बुडवायला निघालेल्या माणसाने तिची पोथी लिहून ठेवावी, याहून मोठी सेवा भक्तांकडूनही झाली नसती.

कार्डिफच्या बाहेरच सेंट फॅगन्सचे खुले संग्रहालय आहे. १९४८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात वेल्सभरातून चाळीसहून अधिक जुन्या इमारती दगड दगड सोडवून आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत, आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे मर्थर टिडविलहून आणलेली लोखंड कामगारांची सहा घरांची एक चाळ आहे, आणि तिचे प्रत्येक घर वेगळ्या काळात सजवले आहे, १८०५पासून १९८५पर्यंत. एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरले की तीस ते पन्नास वर्षे उलटलेली असतात. मुलांना मी फक्त चूल कुठे आहे ते बघत जायला सांगितले आणि बाकी काहीच सांगितले नाही. त्याच आवारात लॅम्पिटरजवळून आणलेली व्हिक्टोरियाकालीन शाळा आहे. एक खोली, लाकडी बाके, पाट्या. तिथे ‘वेल्श नॉट’ची गोष्ट निघते आणि तिथे माझी जीभ जड होते.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत, त्यावर पुष्कळदा इंग्रजीतली दोन अक्षरे कोरलेली असत. त्या मुलाने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की तो तुकडा त्याच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा होई. सेंट फॅगन्सच्या संग्रहात असे तुकडे आहेत. ही एक वस्तू मी मुलांना हाताने करू दिली नाही. बनवायला ती सर्वांत सोपी होती, आणि एका पालकाने तसे सुचवलेही होते; इतिहास अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण सुतळीत ओवलेला लाकडाचा तुकडा मुलांच्या हाती दिला तर त्यांचा पाच मिनिटांत खेळ होईल, आणि त्या खेळाचे नियम किती चोख रचलेले आहेत हे मला ठाऊक होते. पाचवीत वडिलांच्या बदलीमुळे मला दुसऱ्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. वर्गात मराठी बोलल्यास एक रुपया दंड होता आणि नावे लिहायची वही मॉनिटरकडे असे. दुसऱ्या कोणाचे नाव दिले की आपले नाव खोडले जाई. मी माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे नाव दिले होते. तिने मला “पेन्सिल दे गं” एवढेच म्हटले होते.

त्या दिवशी मुलांपैकी एकाने विचारले, “मग सगळ्यांनी मिळून गप्पच का नाही बसले?” मी उत्तर दिले नाही. आज इथल्या प्रत्येक सरकारी शाळेत सोळा वर्षांपर्यंत वेल्श शिकवणे सक्तीचे आहे, हे सांगून मी विषय पुढे नेला, आणि मुले बाकांवर बसून पाट्यांवर आपली नावे लिहू लागली. माझ्या मुलीने तिचे नाव देवनागरीत लिहिले. कोणी सांगितले नव्हते.

प्रेमाच्या चमच्यांबद्दल थोडक्यात. वेल्समध्ये तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी एकाच लाकडाच्या तुकड्यातून चमचा कोरत, त्यावर हृदय, किल्ली, चाक, साखळी अशी चिन्हे काढत. सेंट फॅगन्समधल्या एका चमच्यावर १६६७ साल कोरलेले आहे. आज हे चमचे पर्यटकांच्या प्रत्येक दुकानात टांगलेले दिसतात, आणि ते बघून मला आमच्याकडच्या महामार्गावरच्या दुकानांतली लाकडी फळे आठवतात. वस्तू खरी असते, पण ती कोणासाठी केली होती हे कोणालाच ठाऊक नसते. आम्ही अंघोळीच्या साबणाच्या वड्या कोरल्या. साबणाचा चमचा मुलांनी कोणासाठी करायचा हे आधी ठरवायचे आणि मगच चिन्ह निवडायचे, एवढाच नियम होता. एका मुलाने आपल्या कासवासाठी चमचा केला. माझ्या मुलीने कोरता कोरता विचारले, “तुझ्या गावात तू काय कोरायचीस?” मी म्हणाले, “काही नाही.” तिला ते खरे वाटले नाही.

मग १ मार्च आला, संत डेव्हिडचा दिवस. वेल्शमध्ये त्यांचे नाव देवी सांत, आणि आमच्या धाकट्या मंडळींना बरेच दिवस ही कोणी देवी आहे असेच वाटत होते. दाढीवाल्या पुरुषाचे चित्र बघून त्यांचा विश्वासघात झाला. ऑक्टोबरात मुलांनी कुंड्यांत पुरलेल्या डॅफोडिलच्या कांद्यांना नेमकी फुले आली होती. वेल्शमध्ये या फुलाचे नाव ‘पीटरची लीक’ असे आहे, आणि लीक ही भाजी म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. दोन्ही या दिवशी छातीवर लावतात. मुलींनी उंच काळी टोपी, शाल आणि झालरीचा झगा घातला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, ते इतिहासाचे चांगले वाचक आहेत, मला हसत विचारले, “हा पोशाख कुठून आला ठाऊक आहे ना?” ठाऊक आहे. खेड्यातल्या बायका वापरत ते कपडे ऑगस्टा हॉल, म्हणजे लेडी लॅनोव्हर, या श्रीमंत बाईंनी उचलून राष्ट्रीय पोशाख म्हणून पुढे आणले. १८३४ साली कार्डिफच्या आइस्टेदवॉडमध्ये, म्हणजे गाण्या-कवितांच्या स्पर्धांच्या वेल्श उत्सवात, भाषा आणि पोशाख जपण्यावरच्या निबंधाला त्यांना पारितोषिक मिळाले होते. आणि आइस्टेदवॉडमध्ये कवींना झगे घालून उभे करणाऱ्या गोर्सेद या मंडळाची सुरुवात योलो मॉर्गानुग नावाने लिहिणाऱ्या एका पाथरवटाने १७९२ साली केली, तीही वेल्समध्ये नव्हे तर लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर, आणि ही ड्रुइडांची, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांची, अखंड परंपरा असल्याचे त्याने मांडलेले पुरावे त्याने स्वतःच रचलेले होते. हे सगळे खरे आहे. पण माझ्या मुलीच्या डोक्यावरची टोपी तिने आणि मी काळ्या कार्डाची नळी वळवून, पेपर प्लेटची कड चिकटवून आदल्या रात्री साडेदहा वाजता पुरी केली होती, आणि ती नकली आहे असे मला म्हणता येईना.

शाळेतल्या आइस्टेदवॉडला पालकांना बोलावले होते. गाणी झाली, पाठांतर झाले, आणि शेवटी कवितेच्या पारितोषिकासाठी मंचावर एक खुर्ची ठेवली गेली. कविता टोपणनावाने द्यायच्या असतात. परीक्षकांनी टोपणनाव पुकारले की त्या नावाच्या मुलाने किंवा मुलीने उभे राहायचे. तोवर कोणालाच काही कळत नाही. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बालकवी ही नावे ज्यांच्या पाठ्यपुस्तकात होती त्यांना या क्षणाचे अप्रूप निराळे सांगायला नको. मग एका मुलाने लाकडी तलवार अर्धी म्यानातून काढून विचारले, “आ ओइस हेदूख?” म्हणजे ‘शांती आहे का?’, आणि सगळ्या सभागृहाने उत्तर दिले, “हेदूख!” तीनदा प्रश्न, तीनदा उत्तर, आणि तिसऱ्या उत्तरानंतर तलवार पुरती म्यानात गेली. प्रार्थनेच्या शेवटी तीनदा शांती म्हणायची सवय असलेल्या माझ्या बाजूच्या मराठी आईचा हात आपोआप जोडला गेला. माझ्या मुलीला पारितोषिक मिळाले नाही. घरी येताना तिने फक्त एवढेच सांगितले की पुढच्या वर्षी तिचे टोपणनाव काय असेल ते ठरले आहे आणि ते मला सांगितले जाणार नाही.

संध्याकाळी ती टोपी दाखवायला मामगींकडे गेली आणि मी मागोमाग केकचा डबा घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, भांडी घासायच्या जागेच्या वर, कलेन्निग अजून उभे होते. दोन महिन्यांत सफरचंद आक्रसून मुठीएवढे झाले होते, साल तपकिरी पडून सुरकुतली होती, डहाळी वाळली होती, चार बदामांपैकी तीन जागेवर होते. मुलीने ते उचलले, मामगींनी दारात उचलले होते तसेच उलटे केले आणि बुड पाहिले. दोन पाय आमच्या बागेतल्या काड्यांचे होते. तिसरा काडेपेटीच्या दोन काड्यांचा, मधोमध पांढऱ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेला, आणि बाकीच्या दोघांइतकाच तिरका लावलेला होता.

“हा माझा नाही,” मुलगी म्हणाली.

“नाही,” मामगी म्हणाल्या, आणि त्यांनी किटली गॅसवर ठेवली.